इजाजत कुणाची, जीव कुणाचा?



इमामाकडे येणारे बहुतेक मसले ठरलेले असतात. वुजू कशाने तुटते, प्रवासात नमाज किती रकात पढावी, गहाण ठेवलेल्या सोन्यावर जकात आहे की नाही. उत्तर ओठांवरच असते आणि ते देताना मनाला फारसे श्रम पडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मात्र आमच्या मोहल्ल्यातील एका भगिनीने पडद्याआडून असा एक मसला विचारला की, त्याचे उत्तर मला पाठ असूनही सांगताना माझा आवाज कापला. तिने विचारले, "मौलाना, त्या रात्री मी कुणाला न विचारता दवाखान्यात गेले असते, तर मला गुन्हा लागला असता का?"

ती रात्र मला ठाऊक होती. आमचे गाव खाडीकाठचे. निम्म्या घरांतील पुरुष आखातात नोकरीला. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर एक मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला. "भाभीचं डोकं फार दुखतंय, दम करून द्या," म्हणाला. मी सूरह फातिहा पढून पाण्यावर फुंकर घातली, बाटली परत दिली आणि घरी जेवायला गेलो. कोणती भाभी, कितवा महिना, डोक्याखेरीज आणखी काय होते आहे, यांपैकी मी काहीही विचारले नाही. ती आठव्या महिन्यात होती. पायांवर आणि चेहऱ्यावर सूज होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. गर्भारपणात रक्तदाब चढला की अशी लक्षणे दिसतात आणि ती दिसू लागल्यावर हाताशी फार वेळ नसतो, हे मला पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितले. तिचा पती कुवेतमध्ये, रात्रपाळीवर. फोन लागेना. सासूबाई म्हणाल्या, त्याचा फोन येऊ दे, मग बघू. फजरच्या सुमारास तिला झटके आले. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत दुपार झाली. अल्लाहच्या कृपेने ती वाचली. बाळ वाचले नाही.

मसला विचारताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. तांदळाच्या डब्यात तिने साठवलेले चार हजार रुपये होते. शेजारच्या अंगणात रिक्षा उभी होती आणि रिक्षावाला घरीच होता. "सगळं होतं मौलाना," ती म्हणाली, "नुसती इजाजत नव्हती."

आणि इजाजतीचे महत्त्व तिला कुणी शिकवले होते? त्याच्या महिनाभर आधी मी सलग तीन जुमे पती-पत्नीच्या हक्कांवर बयान केले होते. ध्वनिक्षेपकावरून ते घराघरांत ऐकू गेले होते. पतीच्या अनुमतीवाचून पत्नीने उंबरठा ओलांडू नये, असे मी ठासून सांगितले होते. त्या नियमाला असलेला अपवाद मात्र सांगितला नव्हता. वेळ अपुरा होता असेही नाही. मला तो सुचलाच नाही.

तिच्या मसल्याचे उत्तर असे: नाही, गुन्हा लागला नसता. जिवाला धोका असताना उपचारासाठी घराबाहेर पडण्यास पत्नीला कुणाच्याही अनुमतीची गरज उरत नाही. हनफी आणि शाफई, दोन्ही मतांचे फुकहा हे मान्य करतात. निरुपायाच्या प्रसंगी निषिद्ध गोष्टही वैध ठरते, हा तर फिक्हचा सर्वमान्य नियम. येथे मुळात काही निषिद्धही नव्हते. इमाम गजाली (रह.) यांनी शरीअतची जी पाच उद्दिष्टे मांडली, त्यांत धर्माच्या रक्षणालगत प्राणाचे रक्षण येते. त्या रात्री तिच्या उदरात दुसराही एक प्राण होता.

हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

वाचकहो, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

आपण सूरह बकराची २३३ वी आयत अनेकदा पढतो. माता आपल्या अपत्यांना पूर्ण दोन वर्षे दूध पाजतील, हा तिचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे. पुढचा भाग सहसा घाईत वाचला जातो. त्यात अल्लाह तआला सांगतो की, माता-पित्याने दोन वर्षांपूर्वीच दूध तोडायचे ठरवले, तर त्यात दोघांवर दोष नाही. पण त्यासाठी दोन गोष्टी हव्यात, उभयतांची राजीखुशी आणि आपसातील सल्लामसलत. ही आयत कुठे येते तेही पाहा. तिच्या अलीकडे आणि पलीकडे तलाकचे आदेश आहेत. म्हणजे ज्या दांपत्याचा संसार मोडत आहे किंवा मोडला आहे, त्यांच्याही मधला हा नियम! बाळाच्या पोषणाचा एक निर्णय, आणि त्यासाठी आईची संमती खुद्द कुरआनने आवश्यक ठरवली. मग ज्यांचा संसार सुखाने चालला आहे, त्या घरात बाळाला लस द्यावी की नाही, ताप आला तर कुठे न्यावे, हे आईला न विचारता ठरते ते कोणत्या आधारावर? सूरह शूराच्या ३८ व्या आयतीत श्रद्धावंतांचे लक्षण म्हणून नमाजच्या जोडीने परस्परांतील सल्लामसलत सांगितली आहे. आपण नमाजसाठी सफ सरळ करतो. शूरा मात्र मशिदीच्या कमिटीपुरती राखून ठेवली आहे.

आता माननीय आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीस घ्या. हिंद बिन्ते उतबा (रजि.) प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या आणि आपले पती अबू सुफयान हात आखडता घेणारे आहेत, मला आणि मुलांना पुरेल इतके देत नाहीत, त्यांच्या नकळत काही घेतले तरच भागते, अशी तक्रार त्यांनी मांडली. प्रेषितांनी (स.) त्यांना सबर करून घरी परतण्यास सांगितले नाही. रीतीप्रमाणे, तुला आणि तुझ्या मुलांना पुरेल एवढे घे, असे सांगितले. किती पुरेल हे कोण ठरवणार? हिंद स्वतः. पतीच्या थैलीतून, पतीच्या नकळत, मुलांच्या गरजेपुरते घेण्याचा अधिकार एका आईच्या विवेकावर सोपवला गेला. आमच्या भगिनीकडे तर स्वतःचे चार हजार होते.

तिसरा प्रसंग बरीरा (रजि.) यांचा. त्या गुलामगिरीतून मुक्त झाल्या आणि त्याबरोबर गुलाम पती मुगीस यांच्यासोबत राहायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला. त्यांनी वेगळे होणे पसंत केले. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून रडत त्यांच्या मागे फिरत, आसवांनी दाढी भिजत असे. प्रेषितांना (स.) दया आली आणि त्यांनी बरीरांना परत जाण्याविषयी सुचवले. बरीरांनी विचारले, हा आदेश आहे काय? प्रेषित (स.) म्हणाले, नाही, मी केवळ रदबदली करतो आहे. तेव्हा बरीरांनी नम्रपणे नकार दिला, आणि प्रेषितांनी (स.) तो मानला. कालपर्यंत जिची खरेदी-विक्री होत होती, ती स्त्री अल्लाहच्या प्रेषितांना प्रश्न विचारते, आणि ते तिला आदेश आणि शिफारस यांतील भेद उलगडून सांगतात. आमच्या घरांत सासूचे म्हणणे, दीराचे म्हणणे, शेजारच्या मामूंचे म्हणणे, सारे आदेशच होऊन बसतात. हा भेद कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

इथवर एका घराची गोष्ट झाली. अशी घरे मिळून वस्ती होते, आणि वस्तीचे आरोग्य कशावर ठरते याचा शोध घेणारेही याच उंबरठ्यापाशी येऊन पोचले आहेत. बाळंतपणात स्त्रिया का दगावतात, याविषयी १९९४ साली दोन संशोधकांनी तीन विलंबांची मांडणी केली, आणि ती आज जगभर आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवली जाते. दुसरा विलंब रस्त्यातला, तिसरा रुग्णालयातला. पहिला विलंब घरातला, म्हणजे दवाखान्यात जायचे हे ठरवण्यातला. रस्ते सरकार बांधील, रुग्णालयात डॉक्टर सरकार नेमील. या पहिल्या विलंबाचा उपाय कुठल्याही अर्थसंकल्पात सापडायचा नाही.

आपल्याच महाराष्ट्रातील जामखेडचे उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. तेव्हा त्या गावांत जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. आरोळे दांपत्याने गावांना आपापली आरोग्यसेविका निवडायला सांगितले. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या, काही तर पतीने टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि गावात जाऊन शिकवत: बाळाचे वजन कसे करावे, गर्भवतीची तपासणी कशी करावी, नाळ कापायला पाते कसे उकळावे. दोन दशकांत तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ३० च्या खाली उतरले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्या बायांचे अधिक नवल वाटते. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांना सवर्णांच्या घरांतून बाळंतपणाला बोलावणे येऊ लागले. ज्ञान हाती आले तशी मान वर झाली आणि मान वर झाली तसे त्यांचे शब्द ऐकले जाऊ लागले. केवळ गोळ्या वाटून हे झाले नसते.

दुसरे उदाहरण मी मुद्दाम मुस्लिम समाजातले घेतो, कारण "आपल्यात हे चालत नाही" हे वाक्य मला फार ऐकावे लागते. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालच्या सीमेवर आले आणि छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनाबीस यांच्याजवळचे सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तांवर सोपवले. शंभर रुग्णांपैकी तीसजण दगावत होते, तेथे चारांहूनही कमी दगावू लागले. आईच्या हातचा पेला सलाईनच्या सुईची जागा घेऊ शकतो, हे तेव्हा जगाला दिसले.

पुढे स्वतंत्र बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघर जाऊन मातांना हे पाणी करायला शिकवले. मूठभर गूळ, चिमूटभर मीठ, अर्धा शेर पाणी. पत्रके वाटली नाहीत, कारण वाचणार कोण? सेविका चुलीपाशी बसे, आईकडून तिच्याच भांड्यात पाणी करवून घेई. काही आठवड्यांनी तपासनीस येऊन आईला किती आठवते ते पाही आणि त्यावर सेविकेचा मेहनताना ठरे. आईला आले तर सेविकेला दाम! आमच्या मदरशांतही हा नियम लावला तर बऱ्याच उस्तादांची, माझ्यासकट, पंचाईत होईल. अशा रीतीने एक कोटी वीस लाखांहून अधिक घरे झाली.

पण या कथेतला खरा धडा मधल्या अडचणीत आहे. आरंभी असे दिसले की, मातांना पाणी करता येते, तरी मूल आजारी पडल्यावर करणाऱ्या थोड्याच. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की, घरच्या पुरुषांना या गुळाच्या पाण्यावर विश्वास नव्हता आणि त्यांच्या मर्जीविरुद्ध बायका जात नव्हत्या. मग पुरुषांनाही समजावण्याचे काम हाती घेतले गेले. बाजारांत, शाळांत आणि मशिदींत सभा झाल्या. मशिदीतून शब्द गेला, तसा घरातला पेला भरू लागला. आज बांगलादेशात हगवणीच्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी पाजण्याचे प्रमाण जगात अग्रभागी आहे. १९९० च्या सुमारास तेथे हजार बाळांपैकी सुमारे १४० बाळे पाच वर्षांची होण्याआधी जात, आता ३० च्या आसपास. त्यात लसीकरणाचा, मुलींच्या शिक्षणाचा, स्त्रियांच्या हाती आलेल्या कमाईचाही मोठा वाटा आहे. या साऱ्या वाटा आईच्या हातूनच गेल्या.

हा प्रश्न केवळ स्त्रियांचा आहे असेही समजू नका. लंडनमधील सरकारी नोकरांची १९६७ पासून एक मोठी पाहणी झाली. त्यांतले कुणी उपाशी नव्हते, उपचार सर्वांना मोफत होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले, आणि धूम्रपानासारख्या सवयींचा हिशेब करूनही त्याचा उलगडा पुरता होईना. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत दिसले की, ज्यांचा आपल्या कामावर स्वतःचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार अधिक. आखातात राबणाऱ्या आमच्या बांधवांना हे समजायला लंडनची गरज नाही. ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, ज्याला ताप आला तरी सुटीसाठी कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते, त्याला परवानगीची वाट पाहणाऱ्या शरीराचे काय होते ते पुरते ठाऊक आहे. मला त्याच बांधवाला विचारायचे आहे: भाई, तू जे तिथे सोसतोस तेच तुझ्या घरात कुणी सोसते आहे काय?

आता आक्षेप. जुम्यानंतर मला एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "मौलाना, सूरह निसामध्ये पुरुषाला कव्वाम म्हटले आहे, ते तुम्ही पुसून टाकणार काय?" अल्लाह मला त्यापासून वाचवो. कव्वाम म्हणजे जो उभा राहतो, सांभाळतो, खर्च उचलतो. ती जबाबदारी आहे, आणि तिचा हिशेब कियामतच्या दिवशी द्यायचा आहे. प्रत्येकजण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, या हदीसमध्ये घरापुरती पत्नीही मेंढपाळ म्हटली गेली आहे, हे आपण विसरतो. पहारेकरी परगावी गेला असताना घराला आग लागली, तर आतल्यांनी त्याचा फोन लागेपर्यंत थांबायचे काय? शहाणा पहारेकरी जाताना किल्ली आतल्यांच्या हाती देऊन जातो.

आणि तकदीरचे नाव पुढे करणाऱ्यांना एवढेच सांगेन की, ज्या प्रेषितांनी (स.) आम्हाला तकदीर शिकवली, त्यांनीच उपचार करा अशीही आज्ञा केली आहे. दम करणे सुन्नत आहे, यात शंका नाही. पण पाणी फुंकून देणाऱ्याने रुग्णाची चौकशी करू नये, असे सुन्नतीत कुठेही नाही. हे मी सर्वांत आधी स्वतःला सांगतो. आता माझ्याकडे बाटली आली की मी आधी चार प्रश्न विचारतो, आणि दोनदा तर बाटलीआधी रिक्षा पाठवली.

देशाच्या कायद्याविषयीही भगिनींना माहिती हवी. प्रौढ आणि शुद्धीवर असलेल्या रुग्ण स्त्रीच्या उपचाराला तिची स्वतःची संमती पुरेशी असते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात तर असे ठरवले की, तातडीचा धोका नसताना, प्रौढ आणि समर्थ स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी तिच्या आईने दिलेली संमतीसुद्धा चालत नाही. पतीची सही मागण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ती रीत आहे, एवढेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांना एक प्रश्न विचारतात: तुमच्या स्वतःच्या औषधोपचाराचा निर्णय घरात कोण घेते? हा प्रश्न आज रात्री जेवणाच्या दस्तरखानावर आपल्या घरात विचारा. उत्तर देताना ती आधी कुणाच्या तोंडाकडे पाहते, तेही बघा.

आमच्या जमातीने त्या घटनेनंतर एक छोटी प्रथा सुरू केली. आखातात जाणारा तरुण निघण्यापूर्वी मशिदीत दुआसाठी येतो. त्या वेळी तो घरच्यांसमोर सांगतो की, आजारपणात माझ्या फोनची वाट पाहू नका, पत्नीला योग्य वाटेल ते तिने करावे, आणि त्यासाठी इतके पैसे तिच्या खात्यात ठेवले आहेत. रिक्षावाल्याचा क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिला जातो. प्रारंभी काहींना हे अपमानास्पद वाटले. अजूनही दोन घरे नाही म्हणतात.

गेल्या महिन्यात असाच एक तरुण निघाला. त्याने सर्वांसमोर सांगायचे ते सांगितले. त्याची आई, वयस्क चाची, सारे ऐकत कोपऱ्यात बसल्या होत्या. मला वाटले, आता त्या नाराज होतील. लोक उठू लागले तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"मौलाना, हे फक्त सुनांसाठी आहे का?"

"का हो चाची?"

"माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तीन वर्षं झाली. हा म्हणतो पुढच्या सुटीत करू, धाकटा म्हणतो मोठ्याला विचारा. कुरआन उघडते तर अक्षरं दिसत नाहीत."

मुलगा खाली पाहू लागला. मी काही बोलण्याआधीच त्याची पत्नी म्हणाली, "अम्मी, तालुक्याला शुक्रवारी तपासणी असते. तुम्हाला जायचंय का?"

"जायचंय," चाची म्हणाल्या.

शस्त्रक्रियेची तारीख येत्या मंगळवारची मिळाली आहे. वाचकांनी त्यांच्यासाठी दुआ करावी.